उरलेला गुडघा

माझ्या आईचं रक्त ओ निगेटिव्ह आणि माझं ओ पॉझिटिव्ह. म्हणजे मी तिच्या पोटची, पण वेळ आली तर माझं रक्त तिला चालत नाही. तिचं मला चालतं. ही वाटणी ज्याने कोणी केली त्याचा मला पहिल्यापासून राग आहे.

मी रक्तदानाची शिबिरं भरवते. आमचा पाच-सहा जणांचा गट आहे. मालवणापासून बांद्यापर्यंत शाळांच्या वर्गांत, सोसायटीच्या गोदामांत आम्ही खाटा मांडतो. पत्रकं मी लिहिते. ‘रक्त कारखान्यात बनत नाही, तुम्ही दिलं नाहीत तर कोणीच देणार नाही’ हे वाक्य माझं. मला मऊ लिहिता येत नाही आणि शिकायचंही नाही. आई ही पत्रकं चुलीजवळच्या फळीवर अंथरते आणि म्हणते, “लोक तुझा वाचून येतत असा वाटता तुका? थंय बिस्किटा गावतत म्हणान येतत.”

आईचे दोन्ही गुडघे गेले होते. गेले म्हणजे, पाय धनुष्यासारखे बाहेर वाकले होते. आधी आडाळ्यावर, म्हणजे विळीवर, बसणं सुटलं. मासे ती उभ्याने ओट्यावर सुरीने कापायला लागली आणि प्रत्येक माशाला शिव्या घालायला लागली. मग विहिरीकडची वाट सुटली. मग देऊळ. आमच्या गावचं देऊळ टेकाडावर आहे, जांभ्या दगडाच्या उंच पायऱ्या. ती खालच्या पायरीशी उभी राहून हात जोडायची आणि रिक्षात बसायची. बाबा नाहीत. माझे थोरले काका शेजारच्या घरात राहतात, तेच तिला रिक्षाने नेत-आणत. मी अर्धा आठवडा शिबिरांच्या मागे बाहेर.

कुडाळला एका छोट्या खाजगी इस्पितळात हाडांचे एक सर्जन बाहेरून येतात, ठरावीक दिवशी. त्यांनी एक्स-रे दिव्यासमोर धरला आणि आईला म्हणाले, “बदलावे लागतील. दोन्ही.”

“एकदमच करा,” आई म्हणाली. डॉक्टरांसमोर ती शुद्ध बोलते. “दोनदा कोण झोपून राहणार?”

“करू. पण मग रक्त पाहिजे.”

मी लगेच सरसावले. रक्ताचं आमच्यावर सोपवा म्हणाले. डॉक्टर हसले नाहीत. ते म्हणाले, “द्यायच्या रक्ताचं नाही बोलत मी. असलेल्या रक्ताचं बोलतोय. गुडघा बदलताना हाड कापावं लागतं. शिरेला टाका घालता येतो, हाडाला घालता येत नाही. ते पाझरत राहतं. मी मांडीला पट्टा आवळतो, कापायच्या आधी एक इंजेक्शन देतो, त्याने धरलेली गुठळी लवकर विरघळत नाही आणि रक्त कमी जातं. एवढं माझ्या हातात आहे. पण पेशंट घरून अंगात किती रक्त घेऊन येतो ते माझ्या हातात नाही.”

आईचं हिमोग्लोबिन नऊच्या आसपास होतं. त्यांना ते बाराच्या जवळ हवं होतं. त्या इस्पितळात रक्तपेढी नाही. पिशवी लागली तर जिल्ह्याच्या ठिकाणाहून आणायची, आणि निगेटिव्ह गटाची पिशवी तिथेही असेलच असं नाही, हे मला डॉक्टरांनी सांगायची गरज नव्हती. मीच ते लोकांना ओरडून सांगत असते. त्यांनी लोहाच्या गोळ्या लिहून दिल्या, पोटात कुठे रक्त जात नाही ना ते तपासायला सांगितलं (जात नव्हतं), आणि पावसाळा सरताना परत बोलावलं.

बाहेर आल्यावर माझं डोकं तापलं होतं. रक्त वाहू नये म्हणून इतकं करता येतं आणि आम्ही इतकी वर्षं फक्त ‘द्या, द्या’ करतोय. गुडघे बदलायला जाणाऱ्या किती बायकांना कोणी आधी विचारतं, बाई, तुझ्या अंगात रक्त किती? मी त्याच रात्री पत्रक लिहिलं. ‘गुडघा बदलायचाय? आधी रक्त वाढवा. सर्जनला विचारा, रक्त कमी जावं म्हणून काय करणार?’ कुडाळच्या आठवडी बाजारात ते वाटलं. सुकी मासळी विकणाऱ्या एका बाईने ते पूर्ण वाचलं, मला दोन प्रश्न विचारले आणि मग त्यातच सुकट बांधून पुढच्या गिऱ्हाइकाला दिली. मला ते आवडलं. निदान ते कोणाच्या तरी घरी गेलं.

परत गेलो तेव्हा आईचं रक्त वाढलेलं नव्हतं. कमी झालं होतं.

डॉक्टरांनी कागदावरून नजर उचलून माझ्याकडे पाहिलं. “जेवतात ना नीट?”

“सगळं जेवते,” आई म्हणाली.

“मासे?”

आई खिडकीबाहेर बघत होती. “आमच्याकडे मासे नसतात कधी?” तिने उलट विचारलं. डॉक्टरांना ते उत्तर वाटलं. मलाही.

खरं काय ते काकांनी सांगितलं, आणि तेही मला सांगायचं म्हणून नाही. संध्याकाळी ओसरीवर बसून मी तणतणत होते. औषध खोटं असेल, तपासणी खोटी असेल, कंपनीला धरलं पाहिजे. काका सुपारी कातरत ऐकत होते. शेवटी म्हणाले, “गो, कंपनीक कित्याक धरतंस? तिचो नवस आसा. शिवराक आसा ती. आणि एकवेळ जेवता.”

“केदवापासून?”

“कौल झालो तेवापासून.”

मी बांद्याला शिबिरात होते तेव्हा काकांनी आईच्या ऑपरेशनसाठी देवाला कौल लावला होता. आमच्याकडे हे असं असतं: गुरव पाषाणावर उजवीकडे आणि डावीकडे ओल्या पाकळ्या चिकटवतो, गाऱ्हाणं घालतो, आणि सगळे वाट बघतात. उजवी पडली तर देवाचा होकार. उजवी पडली. ऑपरेशन कर, असं देवाने सांगितलं. मग आईने खालच्या पायरीवरून, काकांच्या तोंडून, गावासमोर शब्द दिला की माझ्या दोन पायांनी, काठी न घेता, कोणाचा हात न धरता पायऱ्या चढून ओटी भरायला येईन, आणि तोवर नुस्तं खाणार नाही, एकदाच जेवीन. आमच्याकडे माशाला नुस्तं म्हणतात आणि त्याच्याशिवायच्या जेवणाला शिवराक. किनाऱ्याजवळच्या माणसाने नुस्तं सोडलं तर त्याच्या ताटात भात आणि कोकमाची कढी उरते.

मला कळलं कसं नाही, असं कोणीही विचारेल. पहिला महिनाभर श्रावण होता, मग गणपती. सगळं घरच शिवराक होतं. नंतर ती मला बांगडा तळून वाढायची आणि समोर बसून मी काटे नीट काढते की नाही बघायची. आमच्याकडे आई शेवटी जेवते. तिच्या ताटात काय आहे ते बघायला त्या वेळी घरात कोणी जागेवर नसतं. हे फक्त माझ्या घरात नाही. सगळ्या घरांत आहे, आणि कुठल्याही पत्रकात नाही.

मी आत गेले. ती तांदूळ निवडत होती, पाय लांब करून.

“आये, तू रक्त कमी करूचो नवस केलंस?”

“पाय बरे होवचो केलंय.”

“रक्त नाय तर पाय नाय. डॉक्टर हात लावचे नाय.”

“लावतले. देवान सांगल्यान हा.”

“देवान ऑपरेशन कर सांगल्यान. उपाशी रव सांगल्यान?”

“ता मी सांगलंय. देव फुकट करता काय कोणाचा?”

“अंडा तरी खा.”

“अंडा काय झाडार लागता?”

मी तिला सगळं सांगितलं. हाड पाझरतं, पट्टा, इंजेक्शन, पिशवी. मी बाजारात अनोळखी बायकांना पटवते; त्या मान डोलावतात, काही तर तपासायलाही जातात. आईने सगळं शांतपणे ऐकलं आणि सुपातला एक खडा बाजूला काढला. “तू सांगतंस ता खरा आसतला,” ती म्हणाली. “पण डॉक्टराक माझा तोंड दाखवूचा नाय. देवाक दाखवूचा आसा.”

गोळ्या ती घेत होती, चहाबरोबर. चहाबरोबर घेऊ नकोस म्हटलं तर पाण्याबरोबर घ्यायला लागली आणि त्यावर लगेच चहा प्यायला लागली. मग पोट बिघडलं आणि एक दिवसाआड करायला लागली. तिच्यावर ओरडून मी थकले. दम दिला, रडले, जेवायची नाही म्हणाले. माझ्या न जेवण्यावर ती हसली. “तुझ्यान सांजपर्यंत रवणा नाय.” रवलं नाही.

काकांनी वाट सांगितली. नवस माणसाला मोडता येत नाही, पण देवाला सोडवता येतो. पुन्हा गाऱ्हाणं घालायचं, पुन्हा कौल मागायचा. देवाने सोडलं तर सुटली.

“मगे मागा.”

“मी नाय. मी आदी बोललंय, मीच परत कसो बोलू? घरातला दुसरा कोण होया.” त्यांनी माझ्याकडे बघून सुपारी तोंडात टाकली. “देवाक एक पत्रक दी. वाचीत.”

इथे सांगायला हवं की आमच्या गटाचं एक जुनं पत्रक आहे, ‘कौल देवाला नको, डॉक्टरला मागा.’ ते माझं आहे. त्यातला एक शब्दही मी आज मागे घेत नाही. पण पत्रक एका बाजूला आणि आईचे पाय एका बाजूला. मी गेले.

गुरव माझ्याच वयाचा निघाला. त्याने मला ओळखलं. “पत्रकवाल्या तुमीच मां?”

“मीच.”

“खांबार चिकटवलात तुमी. अजून डिंक निघाक नाय.” एवढंच म्हणाला, आणि मला पुढे बसायची जागा दिली. त्याने टोमणा मारला असता तर बरं झालं असतं. मला त्याची सवय आहे.

आई खाली रिक्षात होती. तिला वर येता येत नव्हतं, तोच तर सगळा प्रश्न. गुरवाने पाकळ्या भिजवल्या, पाषाणाला लावल्या आणि गाऱ्हाणं सुरू केलं. “बा देवा म्हाराजा, ह्या लेकीची आवस तुझ्या पायाशी बोलान बसली हा, म्हाराजा. तिच्या अंगात रगत उणा झाला, म्हाराजा. डॉक्टर हात लावणा नाय, म्हाराजा. बोललेल्या शब्दातसून तिका मोकळी करूची झाल्यार उजवो कौल दी, म्हाराजा.” काका आणि आणखी दोघे-तिघे प्रत्येक ओळीला “व्हय म्हाराजा” म्हणत होते. तिसऱ्या ओळीला मीही म्हणाले. कोणी सांगितलं नव्हतं. माझ्या कुठल्याही पत्रकात आईचा प्रश्न इतका सरळ मांडलेला नव्हता.

मग आम्ही बसलो. उजवी पाकळी कडेने जरा सुटली होती. ती हलत होती. बाहेरून वारा आला की हलायची आणि परत चिकटायची. डावी अगदी घट्ट. एक ओली पाकळी. तिच्यात काय असतं? पाणी. ते सुकलं की ती पडेल, हे शाळेतल्या पोरालाही माहीत आहे. मी तिच्याकडे असं बघत होते, जसं आम्ही रक्ताच्या पिशवीकडे बघतो, भरतेय की नाही. मी पाषाणापासून हातभर अंतरावर होते. एक फुंकर पुरली असती.

“तोंड मिटान बस गो,” काका हळूच म्हणाले.

मी तोंड मिटलं. का, ते मला अजून सांगता येत नाही. मी मानत नाही त्या गोष्टीत खोटं करायला मला काय अडचण होती? पण आई खाली बसून खऱ्या उत्तराची वाट बघत होती.

गुरवाने पुन्हा गाऱ्हाणं घातलं. पुन्हा बसलो. उन्हं गाभाऱ्याच्या उंबऱ्यावरून सरकली. पाकळ्या तशाच सुकल्या, दोन्ही, दगडाला चिकटून. शेवटी गुरव उठला. “आज देव बोलणा नाय,” तो म्हणाला. “परत कदी येवा.”

देवाने नाही म्हटलं असतं तर मी भांडले असते. न बोलणाऱ्याशी काय करायचं? सरकारी कचेऱ्यांच्या अशा गप्प बसण्याला आमच्या गटाने साखळी उपोषण करून उत्तर दिलंय. इथे उपोषण आधीच चालू होतं आणि ते आईचं होतं.

खाली रिक्षात आईने माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि विचारलंच नाही. “बस,” म्हणाली. “ऊन लागला तुका.”

उरलं होतं ते शिरेतून लोह देणं. ते खाणं नव्हे, औषध, म्हणून आईची हरकत नव्हती. पहिली बाटली नीट गेली. दुसरीला अर्ध्यात अंगावर गांधी उठल्या, धाप लागली. नर्सने बाटली बंद केली, धावपळ झाली, आई सावरली. डॉक्टरांनी सांगितलं, हे पुन्हा इथे द्यायचं नाही, धोका नको. पण जेवढं गेलं त्याने रक्त थोडं वर आलं होतं. साडेदहाच्या पुढे.

“दोन नाही,” डॉक्टर म्हणाले. “एक करतो. जास्त खराब आहे तो, डावा. उजव्याचं मग बघू, रक्त वाढल्यावर.”

तिच्या रक्तगटाचे दोन दाते आमच्या ओळखीत होते. एक ट्रॉलरवर होता, समुद्रात. दुसरा गोव्यात कामाला. तो सुट्टी टाकून पहाटे मोटारसायकलने आला, इस्पितळाच्या बाकावर हेल्मेट मांडीवर घेऊन बसला, लागलंच तर तसाच जिल्ह्याच्या रक्तपेढीत धावायला. मी त्याच्या शेजारी. आयुष्यात पहिल्यांदा मला कोणाला रक्त द्यायला सांगायचं नव्हतं. लागू नये म्हणून बसायचं होतं. आणि त्यासाठी करण्यासारखं काही नव्हतं. आत कोणी हाड कापत होतं आणि मी समोरच्या भिंतीवरचं हात धुण्याचं पोस्टर वाचत होते. त्यातली भाषा फार मऊ होती.

डॉक्टर बाहेर आले, मास्क हनुवटीवर. “रक्त लागलं नाही. फार गेलंच नाही. चांगलं झालं.”

बाकावरचा तो मुलगा उठला, हेल्मेट घातलं. “बरा झाला. मी जातंय मगे, दुपारची पाळी गावतली,” म्हणाला आणि गेला. त्याला चहाही पाजला नाही मी.

म्हणजे जे करायचं होतं ते झालं. इंजेक्शनने काम केलं, पट्ट्याने काम केलं, डॉक्टरांच्या हाताने केलं. मी ते बाजारात सांगतेही, अजून सांगते. पण आई आता घरात चालते ती अशी: डावा पाय सरळ, काठीसारखा, उजवा अजून धनुष्य. दोन पायांची उंचीही एक राहिलेली नाही, त्यामुळे उजव्यावर जास्त भार येतो आणि तो जास्त दुखतो. ऑपरेशननंतर रक्त थोडं उतरतंच, तसं उतरलं. दुसऱ्या गुडघ्यासाठी ते वाढायला हवं. वाढायला तिने जेवायला हवं. ती जेवणार दोन पायांनी पायऱ्या चढल्यावर. पायऱ्या चढायला दुसरा गुडघा हवा.

मी हे काकांना जमिनीवर बोटाने गोल काढून दाखवलं. त्यांनी गोलाकडे बघितलं आणि म्हणाले, “देवान एक पाय दिल्यान मां?”

जत्रेच्या दिवशी आई नवं लुगडं नेसून पायऱ्यांशी आली. काठी तिने रिक्षातच ठेवली. काकांनी हात पुढे केला, तो बाजूला सारला. डावा पाय पहिल्या पायरीवर ठेवला, छान ठेवला. मग उजवा उचलायला गेली. लोक वर-खाली जात होते, कोणी थांबून म्हणत होतं, अगे बरी चलतंस की. उजवा उठला नाही. तिने पुन्हा करून पाहिलं. मग डावा परत खाली घेतला आणि ओटीचं ताट माझ्या हातात दिलं. “तू भरून ये.”

मी वर गेले, रांगेत उभी राहिले, ओटी भरली. गुरवाने ताटातला नारळ घेतला, प्रसाद दिला. खांबावर डिंकाचा डाग होता. आईचा नवस फिटला असं धरायचं का, मी विचारलं. तो म्हणाला, “तुमचे पाय तिचे पाय नाय मां?” तो चेष्टा करत नव्हता. त्याला खरंच माहीत नव्हतं आणि मलाही.

त्या दिवशी घरी आल्यावर आईने बांगड्याचं तिखलं केलं. उभ्याने, ओट्याला रेलून, सगळा भार नव्या पायावर टाकून. मला वाढलं आणि खुर्ची ओढून समोर बसली.

“आये, एक तुकडो.”

“जेव गप. थंड जाता.”

“तुझा रक्त वाढूक होया.”

“तुझा वाढांदे.”

“माझा तुका चालणा नाय.”

“माझा तुका चालता मां?” तिने विचारलं. शिबिरातलं कधीतरी तिने ऐकून ठेवलं होतं.

“चालता.”

“मगे झाला.” तिने माझ्या ताटात आणखी एक तुकडा घातला आणि काटा बघून खा म्हणाली. मी जेवले. तिचं जेवण दुपारीच झालं होतं.